पेवातली बाटली

जमिनीखालच्या धान्याच्या पेवातून एकूण नऊ वस्तू निघाल्या. अपेक्षानं त्या ज्या क्रमानं वर आल्या त्याच क्रमानं वहीत लिहिल्या. काळ्या पडलेल्या कडब्याच्या चार पेंढ्या. फुटक्या मातीच्या परळाचे दोन तुकडे. मूठ निघालेल्या विळ्याचं एक पातं. तळाशी राहिलेली पाटीभर ज्वारी, हातात घेतली की पीठ होणारी. आणि शेवटी, बारदान्यात आणि बारदान्याच्या आत एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, बूच शाबूत असलेली एक बाटली.

पेवाची खोली तीन मीटर चाळीस. बाहेर सावलीत त्रेचाळीस अंश, तळाशी साडेसव्वीस. हेही तिनं लिहिलं.

सकाळी सातला अपेक्षाच्या वडिलांनी, गणेशनं, तोंडावरची शिळा सरकवली होती, पण अकरापर्यंत कोणी खाली उतरलं नव्हतं. झुंबरबाईंनी, अपेक्षाच्या मोठ्या आईनं म्हणजे थोरल्या काकूनं, उतरू दिलं नव्हतं. त्यांनी सुतळीला कंदील बांधून आत सोडला, तो पुरुषभर खोल जाताच विझला. तासाभरानं पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बंद पेवात धान्य आतल्या आत श्वास घेतं, जड वायू तळाशी साचतो आणि उतरलेला माणूस दोन मिनिटांत कोसळतो, हे अपेक्षाला एम.एस्सी.च्या पुस्तकातून माहीत होतं. मोठ्या आईला ते कुठून माहीत होतं हे विचारायची गरज नव्हती. "कंदील तळाशी दोन भाकरी होईस्तोवर जळला पाहिजे," त्या म्हणाल्या, "मंगच पाय घालायचा." चौथ्या खेपेला तो जळत राहिला. मग अपेक्षा स्वतः उतरली.

बाटली वर आली तेव्हा प्रेमानंद खुर्चीतून उठला. अपेक्षाच्या आजोबांचा, किसनरावांचा हा मधला मुलगा, म्हणजे तिचा काका, चोवीस वर्षांनी गावी दुसरबीडला आला होता आणि आल्यापासून पाच दिवसांत स्वतःहून क्वचितच उठला होता. त्यानं बाटली हातात घेतली नाही. नुसतं वाकून पाहिलं. मग उजव्या हाताचं बोट गळ्याच्या भोकावर बसवलेल्या झडपेवर दाबलं, कारण बोट दाबल्याशिवाय त्याला आवाज नव्हता.

"आडवी होती का?"

"आडवीच," अपेक्षा म्हणाली. "ज्वारीखाली."

"कोनं ठेवली आडवी?"

"म्या," झुंबरबाई म्हणाल्या. "उभी ठेवली असती तं ज्वारी ओतताना कलंडली असती."

शेजारच्या धम्मशीलाबाई ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या. पंधरा वर्षांपूर्वी गावच्या दारूबंदीच्या मतदानात या दोघींनी घरोघर फिरून बायका बाहेर काढल्या होत्या, आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्के मारून घेतले होते आणि देशी दारूचं दुकान बंद पाडलं होतं. धम्मशीलाबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे.

"वा गं अध्यक्षीण," त्या म्हणाल्या. "लोकायले सांगितलं आडवी करा, आन् सोता घरात आधीच आडवी करून ठेवली होती."

झुंबरबाई हसल्या नाहीत. "तवा मतदान नव्हतं झालं," एवढंच म्हणाल्या आणि पाटीतली ज्वारी गुरांपुढे टाकू नका म्हणून सांगायला मागे गेल्या.

*

बाटल्या तीन होत्या. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण तिघांना तीन तुकड्यांत.

२००६ च्या दिवाळीत प्रेमानंदच्या बरोबर काम करणारा एक पंजाबी माणूस सुट्टीवर आला आणि नागपूरला जाताना मलकापूर स्टेशनावर या बाटल्या गणेशच्या हाती देऊन गेला. सोबत चिठ्ठी होती: बाबांसाठी, पण लगेच उघडू नये, वीस वर्षं ठेवावी. किसनरावांनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. दोन एकर ओलिताची जमीन टाकून मुलगा परमुलखात गेला तो द्राक्षाची दारू गाळायला, हे त्यांना पाच वर्षं ऐकून माहीत होतं. आता ते डोळ्यांसमोर आलं. पहिली बाटली त्यांनी अंगणातल्या दगडावर फोडली. उरलेल्या दोन फेकून दे म्हणून थोरल्या सुनेला, झुंबरबाईंना सांगितलं.

एक गणेशनं तिच्या हातातून काढून घेतली आणि पत्र्याखालच्या माळ्यावर लपवली. पुढच्या मेमध्ये तिचं बूच आपोआप वर आलं आणि घरभर शिरक्याचा वास सुटला. झुंबरबाईंनी त्यात समया घासल्या. समया चांगल्या निघाल्या.

तिसरी कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. परवा नव्या खोलीपुढच्या पडवीच्या पायासाठी पेव बुजवायला मुरमाच्या दोन ट्रॉल्या सांगितल्या, तेव्हा झुंबरबाई गणेशला म्हणाल्या, "थांब. आत भाऊजीची बाटली हाये."

*

दुपारी चारला बाटली नव्या खोलीतल्या सिमेंटच्या कट्ट्यावर उभी होती. भिंतींना अजून गिलावा नव्हता. दार उघडं ठेवायचं की लावायचं, यावरून गणेशचा आणि त्याच्या बायकोचा वाद चालला होता.

"लाव म्हणतो ना," गणेश म्हणाला. "ग्रामपंचायतीची माणसं रस्त्यानं जाऊन राह्यली."

"दार लावलं तर जास्त पाहतील," सुचिता म्हणाली. "चोरी करून राह्यलो का आपण?"

"वयनीच्या घरात बाटली उघडली म्हणतील. उद्या दुकानवाला परत अर्ज टाकंल. तुले काही समजते का?"

"मले एवढं समजते की तुमचा भाऊ पाच दिवसांपासून एक घास चवीनं जेवला नाही. त्यानं एक गोष्ट मागितली."

गणेश अपेक्षाकडे वळला. "तू सांग. तुह्या लॅबमधी नेऊन तपासता येत नाही का? आंबली का नाही ते कागदावर येईल."

अपेक्षा देऊळगाव राजाच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं विचार करून उत्तर दिलं. "आम्लता काढता येईल, बाबा. अल्कोहोल किती ते काढता येईल. ती चांगली आहे का, हे नाही येणार."

प्रेमानंदनं बोट उचललं. त्याचं बोट गळ्याकडे गेलं की आता घर गप्प व्हायचं.

"गण्या. मले ते कागदावर नोको." तो थांबला. एका वाक्याएवढाच वारा त्याला पुरायचा. "मले खरं पाहिजे."

मग त्यानं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. त्यातलं अर्धं अपेक्षाला गेल्या पाच दिवसांत कळलं होतं. परमुलखातल्या बारोलो गावाजवळच्या टेकडीवर २००१ साली तो पहिल्यांदा द्राक्षं तोडायला लागला. तिथलं ते द्राक्ष, नेब्बिओलो, लोचट नव्हतं. तरुणपणी त्याची दारू तोंड आवळून टाकायची. रस सालांबरोबर किती दिवस ठेवायचा यावर पुढचं सगळं अवलंबून. बाकी पिपांची सालं म्हाताऱ्या मालकानं विसाव्या दिवशी काढली. एक लहान पिंप राहिलं, ते तो या नव्या माणसाला म्हणाला, हे तू ठरव. प्रेमानंदनं एकतिसाव्या दिवशी काढली. सगळा मळा हसला. मालक हसला नाही. म्हणाला, तू बरोबर होतास की चूक ते वीस वर्षांनी कळेल, आधी नाही. त्या पिपाच्या बाटल्या चार वर्षांनी भरल्या, भरल्या तशा विकल्या गेल्या. तीन ह्याला मिळाल्या. मालक वारला. गेल्या वर्षी प्रेमानंदच्या गळ्यात गाठ निघाली, स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक पाडलं. आता त्याचा श्वास नाकातून जात नव्हता, म्हणून वास नव्हता; किरणांच्या उपचारानं जीभ कोरडी पडली होती, म्हणून चव नव्हती.

"चोवीस वर्षं मी तिथं काय केलं," तो म्हणाला, "त्याचा हा एकच दाखला हाये. आन् मलेच वाचता येत नाही."

गणेशनं दाराकडे पाहिलं. दार लावायला गेला नाही.

*

बूच काढताना अर्धं तुटलं. प्रेमानंदनं स्वतः काढलं. कसं धरायचं ते हातांना माहीत होतं. बूच आतून गडद लाल आणि ओलं होतं, बाहेरून कोरडं. त्यानं ते अपेक्षाला दाखवलं आणि मान हलवली. आडवी राहिल्यानं बूच ओलं राहिलं, फुगलेलं राहिलं, हवा आत गेली नाही. पण साडेसव्वीस अंश. तिथल्या तळघरात तेरा असतात. बोटांवर तेरा मोजून दाखवून तो खिन्नपणे हसला.

तोंडाशी निमुळता पेला हवा होता, तसा घरात नव्हता. अपेक्षानं प्रयोगशाळेतून दोन नवी शंकूपात्रं आणली होती. तिनंच बाटली तिरपी केली, मानेमागे मोबाइलचा उजेड धरला आणि ब्युरेटमधून आम्ल सोडावं तशी धार सोडली. गाळ मानेशी येताच थांबली. काचेत उतरलेला रंग तिला वाटला होता तसा लाल नव्हता. कडेला विटकरी होता, मध्ये डाळिंबाच्या वाळलेल्या सालीसारखा, आणि आरपार दिसत होतं.

"आधी तू," प्रेमानंद गणेशला म्हणाला.

गणेशनं पात्र नाकाशी नेलं, एक घोट घेतला, गिळला. त्याच्या जबड्याचे स्नायू आवळले.

"एक नंबर हाये, दादा."

"कान सोड."

गणेशचा हात खरंच कानाच्या पाळीवर होता. त्यानं तो खाली घेतला.

"लहानपनी खोटं बोलला की कान धरायचा," प्रेमानंद म्हणाला. "अजून धरतो. सुचिता, तू सांग."

सुचितानं नुसता वास घेतला. "भाऊजी, मले काय कळते त्यातलं," ती म्हणाली, पण नाक आधीच मागे गेलं होतं. ते त्यानं पाहिलं.

अपेक्षानं घोट घेतला. तोंडात कात लावल्यासारखं झालं, जीभ टाळूला चिकटली. वास बंद घराचा होता: ओलं बारदान, जुना पुठ्ठा, मागे कुठे तरी काडी ओढल्यासारखं काही. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला शब्द सापडत नव्हता. "काका, मला वाटतं..." ती म्हणाली आणि थांबली.

प्रेमानंदनं बोट झडपेवर ठेवलं. मग बोट काढून घेतलं. तो खुर्चीत जरासा खाली घसरला, जसा माणूस डॉक्टरचं बोलणं ऐकून घसरतो. दारू मेलेली आहे, हे त्यानं तिघांच्या तोंडावर वाचलं होतं.

"काऊन घाई करून राह्यले?"

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नव्हत्या, उंबऱ्यापाशीच थांबल्या होत्या.

"पेव उघडलं की लगेच तोंड घालता का आत?" त्या म्हणाल्या. "सकाळी तीन डाव कंदील विझला. मेलेली हवा भरली असते. ती आधी जाऊ द्यावं लागते. पेव खराब हाये का चांगलं, ते मंग." त्यांनी कट्ट्यावरच्या बाटलीकडे हनुवटी दाखवली. "ही काय येगळी हाये? तिथंच तर होती."

प्रेमानंद मान वर करून वहिनीकडे पाहत होता.

"मालक..." बोट निसटलं, त्यानं पुन्हा दाबलं. "मालक बी असंच ठेवायचा. उघडून. तास, दोन तास. मी विसरलो. मी कसा विसरलो."

"सुचिता, पीठ मळ," झुंबरबाई म्हणाल्या. "वीस भाकरी कर. झाल्या की पाहू."

*

वीस भाकरींना एक तास दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ शंकूपात्रं आणि बाटली उघड्यावर राहिली, धम्मशीलाबाई त्यांच्यावरून पदरानं माश्या हाकत राहिल्या, आणि घराला जे बोलायचं नव्हतं ते त्या वेळेत बोललं गेलं.

"तुमी मामाजीच्या येळी नाही आले," झुंबरबाई म्हणाल्या. आता त्या आत येऊन जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, प्रेमानंदच्या खुर्चीपासून दोन हातांवर. "हे गेले तवा बी नाही आले."

त्यांचे सासरे किसनराव बारा वर्षांपूर्वी गेले होते आणि यजमान मोतीराम, भावांत सगळ्यात थोरले, सहा वर्षांपूर्वी.

"कागद नव्हते, वयनी. परत आत घेतलं नसतं."

"मले म्हाईत हाये. आंघोळ घालताना ते म्हाईत असून उपयोग नव्हता." त्यांचा आवाज चढला नाही. "मी गोड बोलत नाही भाऊजी. मले येत नाही ते."

"म्हणून तर तुले मागतो."

"काय?"

"खरं." त्यानं श्वास घेतला, भोकातून शीळ आली. "गण्या मले दुखवणार नाही. पोरगी शिकली, पर नाक नाही तिचं. साऱ्या गावाचं लोणचं तू वासावर सांगत होती. कोनाच्या पेवात पाणी शिरलं ते तू तोंडाशी उभी राहून सांगत होती."

"मी दारू पेत नाही."

"पिऊ नोको. वास सांग."

अपेक्षा वही उघडून बसली होती. तिला एक गोष्ट सुचली आणि ती सांगायला लाज वाटली नाही. "काका, तुम्ही आधी लिहून ठेवा. ही चांगली झाली असेल तर कशाचा वास यायला पाहिजे. चिठ्ठी घडी करून परळाखाली ठेवा. मोठ्या आईला माहीत नको. नाही तर ती काय म्हणाली आणि तुम्ही काय ऐकलं, हे वेगळं करता येणार नाही."

"माह्यावर परीक्षा लावून राह्यली ही," झुंबरबाई म्हणाल्या.

"तुझ्यावर नाही. बाटलीवर."

प्रेमानंदनं लिहिलं. मराठी अक्षर चोवीस वर्षांत शाळेतल्या मुलासारखं झालं होतं. घडी फुटक्या परळाखाली गेली.

"तुले कसं काय सुचलं गं पेवाचं?" धम्मशीलाबाईंनी विचारलं. "फेकायची सोडून."

"पह्यली फुटली ना दगडावर. दोन दिवस लाल डाग होता. मुंग्या नाही आल्या." झुंबरबाई बोटानं फरशीवर काही तरी पुसत होत्या. "एक बी नाही. म्हटलं याच्यात साखर नाही. द्राक्षाचं असून गोड नाही, म्हणजे कोनी तरी लय बसून केलं हे. तसं फेकवत नाही मले."

अपेक्षानं मान वर केली. मोठी आई चौथीपर्यंत शिकलेली होती. अपेक्षानं हे वहीत लिहिलं नाही, पण पुढे कित्येक दिवस तिला मोठ्या आईचं ते दगडापाशी उकिडवं बसून मुंग्यांची वाट पाहणं आठवत राहिलं.

*

विसावी भाकरी टोपल्यात पडल्यावर झुंबरबाईंनी हात धुतले, पदरानं कोरडे केले, नाक शिंकरून साफ केलं आणि शंकूपात्र दोन्ही हातांत घेतलं. डोळे मिटले. धान्य पारखतात तसं त्यांनी एकदा लांबून घेतलं, मग थांबून जवळून, मग पात्र गोल हलवून पुन्हा. ते हलवणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. प्रेमानंदचे ओठ अर्धवट उघडे राहिले.

"बारदान गेलं," त्या म्हणाल्या. "आता नाही ते."

"मंग?"

"थांबा." त्यांनी पुन्हा वास घेतला. "सडक करतात ना. पिपात डांबर तापते. तसं. पर जवळून नाही, वावराच्या पलीकडून." पात्र पुन्हा गोल हललं. "आन् पेटीत ठेवलेला गुलाब. लग्नातल्या हाराचा, सुकून गेलेला. गुलकंद नाही. गुलकंद गोड असते." कपाळाला आठी पडली. "सुकली बोरं हायेत. आन् मामाजीची मोट."

"मोट?"

"चामड्याची. बारवेवरची. रातभर पाण्यात भिजून सकाळी उन्हात टांगली की यायचा तसा. जुनं चामडं, पर सडलेलं नाही. कमावलेलं." त्यांनी पात्र खाली ठेवलं. "हे जित्तं हाये, भाऊजी. म्हातारं हाये, पर जित्तं."

अपेक्षानं परळ उचलून चिठ्ठी उघडली. तीन शब्द होते. तिनं ते वाचून दाखवले. "डांबर. गुलाब. बडीशेप."

"बडीशेप नाही," झुंबरबाई ठामपणे म्हणाल्या. "बडीशेपेचं कोनी सांगितलं?"

प्रेमानंदचे खांदे हलले. तो हसत होता की रडत, हे आवाज नसल्यामुळे आधी कोणालाच समजलं नाही. मग गालांवरून पाणी उतरलं तेव्हा गणेश उठून त्याच्यामागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.

"अजून एक राह्यलं," प्रेमानंद काही वेळानं म्हणाला. "वासावर निम्मं कळते. गिळल्यावर चव किती येळ राहते, ते मोजतात. मालक मोजायचा. तीस सेकंद राह्यली तर चालते. साठ म्हणजे चांगली. शंभर झाले की म्हातारा डोक्यावरची टोपी काढायचा. माह्यासमोर दोन डाव काढली."

अपेक्षानं मनगटावरचं घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं, घोट घेतला, गिळला. या वेळी जीभ आवळली, पण मग सुटली, आणि सुटल्यावर आंबटसर काही तरी हिरड्यांच्या कडेनं चालत राहिलं. ते संपलं असं वाटलं तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. "अठ्ठावन्न."

"चांगलं हाये," प्रेमानंद म्हणाला. त्यानं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "चहाची जीभ हाये तुही. चांगलं हाये. पुरे."

पण त्याची नजर शंकूपात्रावरच होती. साठला दोन कमी. घरातलं प्रत्येक माणूस ती नजर पाहत होतं आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"मामाजी जायच्या आठ दिवस आधी," झुंबरबाई म्हणाल्या, "मी त्यायचे पाय चेपून राह्यली होती. मले म्हणाले, त्याच्या त्या बाटल्या फेकल्या का. मी म्हटलं, फेकल्या."

गणेशचे हात भावाच्या खांद्यांवर थांबले.

"खोटं बोलली मी. वाटलं, राग येईन. म्हाताऱ्या माणसाले कायले शेवटी राग." त्या फरशीकडे पाहत होत्या. "तर म्हणाले, काऊन फेकल्या. वास तरी घेतला असता."

प्रेमानंदनं बोट गळ्याकडे नेलं आणि अर्ध्यावर थांबवलं.

"तवा सांगायले पाहिजे होतं. पेव उघडायले एक दिवस लागला असता. नाही सांगितलं. बारा वर्षं झाली. मेल्या माणसाशी बोललेलं खोटं मागं घेता येत नाही."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलची एक लहान वाटी घेऊन आल्या, देवाच्या नैवेद्याची नाही, रोजच्या वरणाची. अपेक्षासमोर धरली.

"वयनी," गणेश म्हणाला.

"तू दार पाहून घे."

गणेश दाराकडे गेला. ते त्यानं लावलं नाही; उघडंच राहू दिलं आणि चौकटीत उभा राहिला, बाहेर तोंड करून.

झुंबरबाईंनी धम्मशीलाबाईंकडे पाहिलं. या एका माणसासमोर त्यांना उत्तर द्यायचं होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना समजत होतं. पंधरा वर्षांपूर्वी दोघींनी बुद्धविहारात आणि मारुतीच्या पारावर, दोन्हीकडे हात वर करून सांगितलं होतं की थेंब शिवणार नाही.

धम्मशीलाबाईंनी सुपारीचा अडकित्ता मिटला. "उद्या महिला मंडळात मी सांगतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनी सांगायच्या आधी. जसं झालं तसंच सांगतो. तू पे."

अपेक्षानं वाटीत ओतलं, जेमतेम दोन चमचे. मोठी आई खाली बसली, मांडी घालून, पाठ ताठ. वाटी कपाळाला लावली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. एका घोटात घेतलं, तोंडात थोडा वेळ धरलं, मग गिळलं आणि वाटी पालथी ठेवली.

"चव संपली की बोट वर कर," अपेक्षा म्हणाली. "नक्की संपली तेव्हाच."

झुंबरबाईंनी मान हलवली. डोळे मिटून घेतले.

बाहेर महामार्गावरून ट्रक गेला. चुलीवर तवा निवत होता, त्याचा एक टक् आवाज आला. सुचिता भाकरीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती, तिनं ती खाली ठेवली नाही. प्रेमानंद पुढे झुकला होता. त्याची नजर घड्याळावर नव्हती, वहिनीच्या उजव्या हातावर होती. हात मांडीवर उताणा पडला होता. एकदा अंगठा हलला. बोट हललं नाही. झुंबरबाईंच्या मिटल्या पापण्यांखाली डोळे इकडून तिकडे फिरत होते, जणू त्या आत कोणाला तरी शोधत होत्या. मग तेही थांबलं. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

शेवटी बोट वर आलं.

अपेक्षानं घड्याळ पाहिलं, वही ओढली, आणि नऊ वस्तूंच्या यादीखाली, तारखेसमोर लिहिलं: एकशे सात सेकंद.